एक ओळ जास्त

१२ जून

चि. सूनबाईस आशीर्वाद.

इकडे सगळे धडधाकट. माझे गुडघे सोडून, पण ते माझं ऐकतात कधी? बेकरी चालू आहे. तुझा नवरा पीठ मळताना अजून गातो, तरी गिऱ्हाईक टिकून आहे. परवा तू मुंगीला तिकडे न्यायचं फोनवर विचारलंस आणि मी "दूध उतू जातंय" म्हणून ठेवून दिला. दूध नव्हतं. म्हणून हे लिहिते. अक्षर लावून वाच.

त्या दिवशी मुंगीने बिस्किटांचा ट्रे लावला आणि मी न बघता भट्टीत सरकवला. बाहेर काढला तर सगळी एकमेकांना चिकटलेली, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी.

"कार्टे, हे काय करून ठेवलंस?"

"आजी, खालच्या दोघांच्या मधल्या खळग्यात वरचं बसवलं. एक अख्खी ओळ जास्त मावली."

"आणि चिकटली ती?"

"ती भट्टीने चिकटवली. मी नाही."

पाच वर्षांची जीभ! कोणावर गेली ते विचारू नकोस.

तुझ्या नवऱ्याने गंमत म्हणून तुला फोटो पाठवला. आम्ही मायलेक हसत बसलो. तू हसली नाहीस. तिला फोनवर बोलावून विचारलंस, "ट्रे मोठा असता तर?" झालं! पोरगी ओट्यावर बटणं मांडत बसली, जेवायला उठेना. बरं झालं बाई, तिच्या आईला डोळे आहेत. नाहीतर आम्ही तिला जन्मभर ट्रे नीट लावायलाच शिकवत बसलो असतो.

तिकडच्या गणिताच्या बाई तिला शिकवायला तयार आहेत म्हणालीस. म्हणजे तिने तुझ्याकडे राहायला हवं. तुझा नवरा म्हणतो, "आई म्हणेल तसं." मोठा शहाणा!

मला काय, घर शांत होईल. तू हॉस्पिटलच्या नोकरीवर गेल्यापासून ती माझ्याजवळ झोपते, लाथा मारते. काल विचारलं, जायचं का आईकडे? म्हणाली, "तिथे भट्टी आहे?" नाही म्हटलं. "मग तू तिथे काय करशील?"

मी पीठ चाळत राहिले.

रविवारी सकाळी ये, दुपारच्या गाडीने तिला घेऊन जा. मुक्काम करू नकोस, माझं मन फिरेल. कपडे बांधून ठेवलेत. आम्हाला दिसलं नाही ते तू पाहिलंस, सूनबाई, हे मी विसरणार नाही. तोंडावर म्हणायला मात्र लावू नकोस.

रविवार दुपारपर्यंत मुंगीची आजी,
त्यानंतर नुसती तुझी सासू