गुंजनला वाचा फुटली

जाम, १२ फेब्रुवारी २००४

प्रिय गुंजनचे बाबा,

यंदा थंडी लांबली आहे. चौरस्त्यावरचं आपलं स्पेअर पार्टचं दुकान आता भैय्याजी चालवतात. तुमच्या चपला नदीकाठी सापडल्या, त्याला तीन वर्षं झाली. तेरवी त्यांनीच केली. धाकट्या भावासाठी लहान मुलासारखे रडले. मी गुंजनला मांडीवर घेऊन बसले होते. सहा वर्षांची पोर, मान लुळी, ओठातून लाळ. बाया म्हणत होत्या, "हिले काय समजते!"

ती आता बोलते. नागपूरच्या एका डॉक्टरीणबाईंनी गेल्या वर्षी तिचा एमआरआय केला, मग त्याच मशीनमध्ये आणखी एक तपासणी. सुई नाही, चिरफाड नाही. गुंगी देऊन निजवलं आणि मेंदूत कोणतं रसायन किती आहे, ते चुंबकाच्या जोरावर बाहेरूनच मोजलं. कागदावर खालीवर जाणारी रेघ उमटली. बाईंनी एका सपाट जागेवर बोट ठेवलं. "इथं क्रिएटिनचं टोक दिसायला हवं. हिच्यात ते नाहीच." त्या क्रिएटिनचीच पांढरी पावडर दुधातून सुरू केली. काही महिन्यांत पोरीनं मान धरली, मग आधारानं उभी राहू लागली. एकदा "पाणी" म्हणाली. मी देवापुढे साखर ठेवली.

पण दिवाळीच्या सुमारास ती सासूबाईंच्या आवाजात दूधवाल्याला शिव्या देऊ लागली. तोच घोगरा हेल, मधला खोकलासुद्धा. सासूबाईंना जाऊन पाच वर्षं झाली. भैय्याजी तिच्यासमोर यायचे बंद झाले आहेत. तिच्यापुढे काय काय बोललो, ते आठवत असावेत.

परवा दुपारी मी तूर निवडत होते. पाठीमागून तुमचा आवाज आला. हातातलं सूप पडलं. वळून पाहिलं, तर गुंजन भिंतीकडे बघत बोलत होती, "बेटा, मले तुयं हे असं पाह्यवत नाई आता. चपला नदीवर ठेवतो अन् रायपूरले जातो, रूपरावच्या गोदामात. तुले सांगून राह्यलो, कारण तू कोणाले सांगणार नाई." मग ती पुरुषासारखी हुंदके देऊन रडली.

म्हणून हे पत्र दुकानाच्या जुन्या वहीत सापडलेल्या रूपरावांच्या पत्त्यावर पाठवते आहे. इथं कुणाला सांगितलेलं नाही. या म्हणत नाही, येऊ नकाही म्हणत नाही. ती मात्र रोज दारात उभी राहून तुमची वाट बघते. आलात, तर तिच्याशी काय बोलायचं ते आधी ठरवून या.

तुमच्या नावाचं कुंकू पुसून बसलेली, तुमचीच
सुलोचना