चंडोलाची जागा

अण्णा, चंडोल मी पकडून दिला, असं तुम्ही मरेपर्यंत लोकांना हसत हसत सांगत राहिलात. माझ्या लग्नात सांगितलंत, माझ्या मुलाच्या बारशाला सांगितलंत. "पोरीचे डोळे घारीचे. गवतातलं पाखरू हिनं दाखवलं म्हणून माझी बदली टळली." मी तिथंच पंगतीला वाढत असायची. काल नातीनं तीच गोष्ट मला कौतुकानं ऐकवली, आणि डोकं असं तापलं, की तुम्ही जाऊन तीस वर्षं उलटली तरी लिहायला बसले.

नळदुर्गाच्या पुढं, जिथं निजामाचं राज्य संपून इंग्रजांची सोलापूरची हद्द लागायची, तिथल्या करोडगिरी नाक्यावर तुम्ही जकातीचे कारकून होतात. आपली खोली नाक्याच्या मागं, आणि तिच्यामागं सगळं गायरान. मी नऊ वर्षांची. तिथं मुलींची शाळा नव्हती, म्हणून आईच्या हाताखालचं काम उरकलं की मी बांधावर जाऊन बसायची. गुरं पुढं सरकली की चंडोलाची जोडी गवतात उतरायची. चिमणीसारख्या उड्या मारत नाहीत ते, चालतात. चार पावलं पळायचं, थांबायचं, चोचीनं माती उकरून बी काढायचं, वाळक्या शेणाच्या कडेचे किडे टिपायचे. घरट्यावर ते कधी सरळ उतरत नाहीत. लांब उतरतात आणि गवतातून चालत जातात. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. बघून बघून कळलं होतं.

तुम्ही माझं कधी काही ऐकून घेतलं नव्हतं. एक दिवस मात्र मी चंडोलाचं सांगायला आले, तर लेखणी खाली ठेवलीत. "ये, इथं बस. रोज काय बघतीस ते सांग." मग लागोपाठ तीन सकाळी तुम्ही माझ्याशेजारी बसलात. धोतराला कुसळं लागली तरी उठला नाहीत. "गातो तो कोणता?" विचारलंत. मी दाखवला.

चौथ्या दिवशी तुमच्याबरोबर जाळं घेतलेला माणूस आला. तुमच्या साहेबाला गाणारी पाखरं पाळायचा नाद होता आणि तुमच्या बदलीचा कागद त्याच्यापुढं सहीला पडून होता, हे आईनं मला नंतर सांगितलं. जाळं मी दाखवलेल्या जागीच पसरलं. दोन्ही सापडले. मादी गात नाही म्हणून सोडून दिली. नर उसळून टाळू फोडून घेईल म्हणून पिंजऱ्याला वरून कापडाचं छत होतं. एवढी काळजी त्याची होती.

"अण्णा, घरट्यात पिल्लं हायेत," मी म्हणाले.

"गप बस. पाखरापायी बापाला मुलखाबाहेर धाडतीस व्हय?"

मादी एकटीच दोन दिवस किडे नेत होती. तिसऱ्या दिवशी ती दिसली नाही. मी घरट्याशी गेले, तर पिल्लांना मुंग्या लागल्या होत्या. त्याच संध्याकाळी तुम्ही माझ्या परकराला हिरवं कापड आणलंत आणि म्हणालात, "हे तुझं बक्षीस." आईनं ते शिवलं. मला ते घालावं लागलं. पुढं निजामाचं राज्य गेलं, साहेब गेला, नाकाही उठला, आणि आपल्याला उमरग्याला बिऱ्हाड हलवावंच लागलं.

तुम्ही भ्याला होतात, एवढं मला कळतं. तुमच्या पगारावर घरातली पाच तोंडं होती. मग भ्यालो असं सांगायचं होतंत. मला पुढं का केलंत? पोरीनं बापाला आनंदानं दाखवलं, त्याला तुम्ही पकडून दिलं म्हणालात, आणि ते इतक्यांदा म्हणालात की आता घरात तेच खरं झालंय.

हा कागद मी कुणाला दाखवणार नाही. पण सगळं तुमच्या एकट्याच्या माथी मारून मला उठवत नाही. पिल्लं मेली तरी, तुम्ही पुन्हा तसे शेजारी येऊन बसला असतात, तर दुसरी जोडी कुठं उतरते तेही मी दाखवलं असतं. मला ठाऊक होतं. तुम्ही विचारलंच नाहीत.