लांडगा नव्हता, आत्याबाई

तीर्थरूप आत्याबाई,

काल तुमचं वर्षश्राद्ध झालं. तुम्हाला अक्षर येत नव्हतं, आणि येत असतं तरी आता काय? पण काल मांडवात जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. सकाळपासून घरात माझ्याशी कुणी बोललेलं नाही. मग बोलू कुणाशी?

पंगत बसायच्या आधी गावातले एक पुढारी दोन शब्द बोलायला उभे राहिले. म्हणाले, "ह्या माउलीनं जन्मभर मेंढरं राखली आन् शेवटी लांडग्यानंच तिचा घास घेतला. पर तिच्या लेकांनी बदला घेतला, समदा माळ मोकळा केला." लोकांनी माना डोलावल्या. सोपानभावजी सतरंजीकडं बघत होते. आमचे हेही तिकडंच बघत होते. दोन्ही भाऊ एकाच सतरंजीकडं.

लांडग्यानं, आत्याबाई. तुम्हाला!

मी लग्न होऊन ह्या वस्तीवर आले तेव्हा लांडगा म्हटलं की मी रात्री दाराबाहेर पाऊल टाकत नसे. माझं माहेर बागायतातलं, तिकडं कोल्हासुद्धा उसातून ओरडला तर ओरडायचा. इथं पहिल्याच थंडीत मेंढरांभोवतीच्या जाळीतून, वाघरीतून, लांडग्यानं कोकरू नेलं. सोपानभावजी शिव्या देत काठी घेऊन निघाले, तर तुम्ही चुलीपुढून उठलासुद्धा नाहीत. म्हणालात, "त्येचा वाटा त्येनं नेला. त्येनं काय निमगावच्या हाटेलात जाऊन जेवावं?" मी हसले. नवी सून सासूपुढं हसली म्हणून मग घाबरले, तर तुम्हीही हसत होता.

पुढं कालव्याचं पाणी आलं आणि माळाला नांगर लागला. मेंढरं विकत विकत पंधरा-वीसच उरली. पण ओघळीच्या वरचा तेवढा खडकाळ तुकडा तुम्ही कुणाला फोडू दिला नाहीत. तिथल्या कपारीत लांडगीचं घर होतं. सोपानभावजी म्हणायचे, "आई, लांडग्यासाठी रान पडीक ठेवणारी तू एकलीच." तुम्ही म्हणायचात, "ससं ऱ्हायलं न्हाय, हरणं ऱ्हायली न्हाय. आता तेवढी जागा बी काढून घ्या. मग ते काय ऊस खाईल?"

तुमच्यासारखं बोलायला मला कधी जमलं नाही.

ते कुत्रं तुम्हाला आठवतं? दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळीमागं आलेलं, पिवळं. सोपानभावजींनी भाकरी घालून ठेवून घेतलं, म्हणाले, राखणीला होईल. आठवड्यात ते शेजारच्या भिवातात्यांच्या म्हशीला चावलं. मग एका सकाळी तुम्ही त्याच्यापुढं ताक-भाकरी ठेवायला वाकलात आणि त्यानं तुमचा तळहात धरला. मी धुणं टाकून धावले. तुम्ही हात पाण्याखाली धरला, चुना भरला आणि मला म्हणालात, "वरडू नगं. घरचं कुत्रं हाय."

मी म्हणाले, बारामतीला जाऊ, इंजेक्शन घेऊ. संध्याकाळी पुन्हा म्हणाले. दुसऱ्या दिवशी सणसरच्या स्टँडवर जायला मी लुगडंही काढून ठेवलं तुमचं. तुम्ही काय म्हणालात? "पोटात चौदा सुया टोचून घ्यायला मी काय येडी हाय?" आत्याबाई, जनावराचा स्वभाव तुम्ही एवढा ओळखायचात, मग ह्या एका बाबतीत एवढा हट्ट कशाला केलात? मला राग येतो तुमचा. वर्ष झालं तरी जात नाही.

कुत्रं त्याच आठवड्यात लाळ गाळत मेलं. सोपानभावजींनी ते कालव्याच्या चारीच्या कडेला पुरलं आणि तुम्हाला सांगितलं, टोळीबरोबर निघून गेलं. मला हे नंतर कळलं, तुम्ही पाण्याचा तांब्या भिरकावून दिलात त्या दिवशी.

तो दिवस मी पुन्हा लिहिणार नाही. बारामतीच्या डॉक्टरांनी एकच विचारलं, "कुत्रं चावलं होतं का?" मी होय म्हणाले. त्यांनी आम्हाला बाहेर नेलं आणि सांगितलं, आता उपाय नाही. तुमच्या ओठाला ओलं फडकं लावायचीही सोय राहिली नव्हती. शुद्ध यायची तेव्हा तुम्ही मेंढरांना नावानं हाका मारायचात. विकून टाकलेल्यांनाही.

मातीला माणसं जमली तेव्हा कुणीतरी विचारलं, कशानं गेल्या? सोपानभावजी माझ्यासमोर म्हणाले, "माळावर लांडगा चावला हुता. पिसाळल्याला." मी तिथंच म्हणाले, "लांडगा नाही, कुत्रं. आपलं कुत्रं." तर एकजण म्हणाला, "सुनंला बोलायचं भान न्हाय आज." ह्यांनी माझा दंड धरून मला आत नेलं.

मी ह्यांना विचारलं, असं का? हे दार लोटून म्हणाले, "सोपान्याला कळलं तर हुतंच. कुत्रं पिसाळलंय ह्ये ठावं आसून त्यो गप बसला. लोकांनी ऐकलं तर त्येला उभं करनार न्हाईत. आई तर गेली. आता भावाला बी घालवू?"

 तुम्ही असतात तर ह्याच्यावर काय बोलला असतात?

तुम्ही कदाचित सोपानभावजींना माफही केलं असतंत, धाकटा म्हणून. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. लांडग्याचं नाव एकदा घेतल्यावर लोक विचारायला लागले, मग अजून बसलायस कसा? दहावं झालं आणि दुसऱ्या दिवशी वस्तीवरची माणसं काठ्या, पाचट, मिरच्या घेऊन कपारीकडं गेली. पुढं सोपानभावजी. माझे धनी मागं, पण गेले.

माणसं परतली तेव्हा मी एकटी गेले. कपारीच्या तोंडाला लावलेले दगड अजून गरम होते. पदरानं धरून मी ते काढले. आतून मिरचीचा धूर आला, मला ठसका आवरेना. हाताला लागली ती पिल्लं बाहेर ओढली. मांजराएवढीसुद्धा नव्हती. सगळी मेलेली. एकाचं अंग ऊनऊन होतं, ते मी मांडीवर घेऊन चोळत बसले, तोंडात फुंकर घातली. काही झालं नाही. मान वर केली तर लांडगी समोरच्या टेकाडावर उभी होती. मी तिला दिसत होते आणि माझ्या मांडीवर काय आहे तेही. ती आली नाही अंगावर. नुसती उभी होती. मला वाटलं, यावं हिनं. आली असती तरी मी काही म्हटलं नसतं.

दोन-तीन दिवस ती कपारीभोवती फिरत राहिली. मग तिला विष घातलेलं मटण टाकलं. तेच खाऊन भिवातात्यांचा मेंढरांमागचा कुत्राही मेला. तो मात्र कुणाला चावला नव्हता.

लांडगी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला बांधून आणली. पुढं हलगी वाजत होती. आपल्या दारात ट्रॅक्टर थांबला आणि सोपानभावजी मला म्हणाले, "वैनी, आईच्या फोटूला हळद-कुकू लावा. सांगा, बदला घेतला म्हनून."

"मी लावणार नाही," मी म्हणाले.

"का?"

"कशाचा बदला, भावजी?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि लगेच नजर वळवली. हलगी थांबली नव्हती, त्यामुळं कुणी ऐकलं नाही. लांडगीचे सड अजून भरलेले होते, आत्याबाई. पोरं तिच्या शेपटीला हात लावून पळत होती.

पाडव्याच्या आत खडक फोडून तिथं सरी पाडली. आता ऊस उभा आहे. रानडुकरं त्यात शिरतात, लोक कपाळाला हात लावतात आणि म्हणतात, ही डुकरं कुठून वाढली? मी ऐकते आणि भाकरी थापते.

पण काल मांडवात ते पुढारी "बदला" म्हणाले आणि मला चुलीपाशी बसवेना. हात पिठाचेच होते. मी बाहेर आले आणि पंगतीसमोर म्हणाले, "आत्याबाईंना लांडगा चावला नाही. आमच्या दारातलं कुत्रं चावलं. सोपानभावजींनी ते चारीला पुरलंय. लांडगी कारण नसताना मारली."

 हे म्हणाले, "आत जा." मी गेले नाही. मग मागून भिवातात्या उठले. म्हणाले, "सून खरं बोलतिया. त्या कुत्र्यानं माजी म्हस बी चावली हुती. ती बी तशीच मेली. मला ठावं हुतं."

मी म्हणाले, "तात्या, मग वर्षभर का नाही बोलला?"

तात्या म्हणाले, "कुनी इचारलंच न्हाय, बाय."

तेवढंच झालं. पुढारी म्हणाले, झालं गेलं, आता अन्नाचा अपमान नको. पानं वाढली, माणसं जेवली. लाडू कमी पडले नाहीत. सोपानभावजी तेवढे उठून गेले. वाटलं होतं भांडतील, पण ते चारीच्या कडेला जाऊन बसले आणि दिवस मावळेपर्यंत आलेच नाहीत. रात्री ह्यांनी मला सांगितलं, पुन्हा असं केलंस तर माहेरी नेऊन घालीन.

घालू देत. माहेरीही लोक मला विचारतीलच, सासू कशानं गेली?

तुमच्यासाठी मी आता दुसरं काय करणार? कपार फुटली, माळ गेला, लांडगी गेली. गेल्या वर्षभरात एकदाही लांडग्याची कुई ऐकू आली नाही. पण जमीन जशी एकाच्या नावावर चढवतात, तसं त्या लांडगीचं आणि तिच्या पिल्लांचं मरण ह्या लोकांनी तुमच्या नावावर चढवलं आहे. ते मी उतरवणार. जिथं जिथं कुणी म्हणेल की तुम्हाला लांडग्यानं मारलं, तिथं तिथं मी उठून उभी राहीन. इथं राहिले तर इथं, नाहीतर माहेरच्या ओट्यावर. हा माझा शब्द.

तुमची सून,
सुमन