'आलिंगन' आणि बायनाबाईंचा आवा

१४ मार्च २०१६, सकाळी ७
आजपासून रोज दोन तास शिल्पकला. चौसाळ्याच्या शाळेत आंबा-केळी काढायला शिकवून हात गंजले. शिल्पाचं नाव 'आलिंगन'. पाच माणसं, एकमेकांना घट्ट धरून. माणूस माणसाशी फॉर्ममधून कनेक्ट झाला पाहिजे. पुण्याला प्रदर्शन आहे, सिलेक्शन पक्कंच समजायचं.

१७ मार्च
चौथ्या दिवशी टँकर आला. माती भिजवायला दोन घागरी घेतल्या. सत्यभामा म्हणाली, आता लेकरांना काय तुमचं आलिंगन पाजू का? कलावंताला घरात बायकोसुद्धा विचारत नाही.

२९ मार्च
झालं! दोन फूट उंच. आतून पोकळ करायचं राहिलं. राहू दे, माणसं भरीवच बरी. कुंभार बायकांच्या सहकारी सोसायटीचा माठ भाजायचा आवा शनिवारी लागतोय. त्यात सोसायटीतल्या बायनाबाईंचे दीडशे माठ. टँकरचं पाणी साठवायला सगळ्यांना माठ हवेत, त्यांचं वर्ष यावरच निघायचं. त्यात माझं शिल्प म्हणजे आव्याचीही इज्जत वाढेल.

२ एप्रिल, सकाळ
बायनाबाईंनी विचारलं, सर, नीट वाळलं का? ओलं आसलं तर फुटंल, अन् माझे माठ बी घिऊन जाईल. त्या प्रत्येक माठ गालाला लावून बघतात, गार लागला तर ओला. शिल्पाला गाल लावायला वाकल्या तसा मी ओरडलो, हात लावू नका, कलाकृती आहे ती! आठ दिवस वाळवलंय म्हणालो. चारच झालेत. पण या उन्हात चार म्हणजे आठच. ठेवायला लावलं तेही मधोमध.

संध्याकाळी
आव्यातून धाडधाड आवाज आले. डोकं दुखत होतं म्हणून घरी आलो.

३ एप्रिल
आवा उघडला. मधोमध 'आलिंगन'चे तुकडे, दीडशेतले नऊ माठ धड. बायनाबाई मटकन खालीच बसल्या. बाकीच्या बाया म्हणत होत्या, कावून झालं आसं? तेव्हाच बोलायला हवं होतं. लाज वाटते. खरंच लई लाज वाटते. उद्या जाऊन सगळं कबूल करायचं.

४ एप्रिल
शाळेत परीक्षेची गडबड. उद्या.

७ एप्रिल
अमावस्या. असलं काम आज नको.

८ एप्रिल, पाडवा
आज जाणारच होतो. चपला घातल्या, तर बायनाबाईच दारात. म्हणाल्या, सर, जाळ माझ्याच हातून लई झाला आसंल. तुमची येवढी मेहनत माझ्यापायी गेली. पाच दिवस झोप न्हाई मला. माफी करा. उरलेल्या नवांतला एक माठ माझ्यासाठी आणला होता. सत्यभामा माझ्या तोंडाकडे बघत उभी.

मी म्हणालो, जाऊ द्या बायनाबाई, माझ्या मनात काही नाही.

माठ ठेवून घेतला.