चार पायांचं पावणं

११ नोव्हेंबर
म्हातारीला आज घरी आणलं. मंचरच्या दवाखान्यातून, जालिंदरच्या पिकअपमध्ये, पुढच्या सीटवर दोन उशा टाकून. खुब्यात नवा गोळा बसवलाय. सगळ्या आळीला धाकात ठेवणारी माझी सासू, सरुबाई — उतरताना माझा खांदा धरून उतरली! नखं रुतली. रुतू देत.

माझा नवरा जालिंदर म्हणाला, "हिरे, आता आईचं सगळं तुझ्याकडंच."
माझ्याकडंच! मी मान डोलावली. मनात उकळ्या फुटत होत्या.

मला एकच बघायचंय. तिला रांगताना बघायचंय. एकदा, दिवसाउजेडी, माझ्या डोळ्यांनी.

१२ नोव्हेंबर
रुपालीचं बारसं होतं. माझी पोर, आता जुन्नरला कॉलेजात आहे, म्हणजे किती वर्षं झाली बघा. पण मला ते कालचं वाटतं.

माझ्या वडलांचं, आबांचं, कमरेखालचं गेलं होतं. घाटघरच्या कड्यावर सरपणाला गेले आणि पाय निसटला. घरात बाजेवरून दारापर्यंत रांगायचे. चाकाची खुर्ची, काठी, कुबड्या — कुणी त्यांना दाखवलंसुद्धा नाही. बारशाला भाऊ त्यांना जीपमधून घेऊन आला. जीप रस्त्याच्या कडेला, फाटकाशी थांबली. भाऊ म्हणाला, थांबा, दोघं जणं बोलावतो, उचलून नेतो. आबा कुठले थांबतात! नातीचं तोंड बघायची घाई. नवं पांढरं धोतर नेसून, तळहात टेकत, पाय मागं ओढत निघाले. अख्खं अंगण ओलांडून मांडवात.

आणि ही बाई, भर मांडवात, पाळण्याची दोरी हातात धरून — "आलं बया, चार पायांचं पावणं! घ्या त्याला मेंढरांच्या जाळीत!"
मांडव हसला. जालिंदर हसला. आबापण हसले. तेच मला विसरता येत नाही — आबापण हसले.

पुन्हा कधी ते आमच्या दारात आले नाहीत. गेलेच.

१४ नोव्हेंबर
वृषाली मॅडम आल्या होत्या. दवाखान्यातल्या फिजिओ. व्यायाम शिकवतात, चालायला लावतात. हात सरळ सोडून उभं केलं आणि मनगटाच्या घडीपाशी वॉकरची मूठ येईल एवढी उंची लावून दिली. आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला. उठताना वॉकरला ओढायचं नाही, खुर्चीचे हात दाबून उठायचं. पाटावर बसायचं नाही, मांडी घालायची नाही, उकिडवं नाही, वाकून काही उचलायचं नाही. नाहीतर गोळा निखळतो.

मी सगळं लिहून घेतलं. मॅडमना वाटलं, काय गुणाची सून! मला मात्र एकेक 'नाही' ऐकून आनंद होत होता. जन्मभर चुलीपुढच्या पाटावरून हुकूम सोडणाऱ्या बाईला पाटच बंद!

१६ नोव्हेंबर
संध्याकाळी चुलीपाशी बसायला निघाली. मी पाट उचलून माळ्यावर टाकला.
"हिरे, पाट कुठंय?"
"मॅडमनी नको म्हणून सांगितलंय, आत्या."
"शेकायचंय मला."
"खुर्चीवरून शेका."
खुर्चीवर शेक लागत नाही. मला ठाऊक आहे.

१७ नोव्हेंबर
तिची घोंगडी काढून टाकली. खाटेपुढं अंथरलेली असायची. वॉकरचा पाय अडकतो त्यात, मॅडमनी स्वतः सांगितलं. शंभर टक्के खरं. म्हातारी घोंगडी छातीशी धरून बसली. माहेरची आहे म्हणे. माझ्या माहेरचं कुणी काय ठेवलं होतं?

जालिंदरनं न्हाणीत धरायला टॉवेलची दांडी ठोकली. मी एक हिसका दिला — दांडी हातात! मी म्हटलं, आईचा जीव घेता का? मग भिंतीत भोकं पाडून जाड स्टीलची दांडी बसवून घेतली, मी स्वतः लोंबकळून बघितली. संडासावर उंच खुर्ची. खाटेखाली विटा. तिचं सगळं पक्कं करणार मी. तिला बोलायला एक जागा ठेवणार नाही.

२० नोव्हेंबर
शेजारची अंबाबाई येऊन बसली. "हिरा, अशी सून दिवा घिऊन हुडकली तरी घावायची न्हाय गं."
म्हातारीनं भिंतीकडं तोंड केलं.
मला हसू दाबता येईना. ह्यांना काय माहीत! पण मग रागही आला. ज्यानं तिला टोचायचं तेच मला चांगली ठरवतंय. हा कसला सूड?

२३ नोव्हेंबर
वॉकर टेकवतच नाही! कोकरू उचलावं तसा काखेत मारते आणि लंगडत चालते. मी ओरडले.
"अगं, माणूस काठीला धरतं का काठी माणसाला? वझं झालंय मला ह्याचं."
सबंध उन्हाळे-हिवाळे मेंढरांमागं कोकणात उतरलेली बाई. नाणेघाटाच्या दगडांवरून, डोक्यावर बिऱ्हाड. तिला ही ॲल्युमिनियमची चौकट म्हणजे खेळणंच.
पण चेहरा उतरला होता. मला बरं वाटलं. खोटं का लिहू?

२७ नोव्हेंबर
आज एक गोष्ट बघितली.

म्हातारी खाटेवर बसून विळ्यानं वॉकरच्या पायांचे रबरी बूट काढत होती. चारही. मला बघून थांबली नाही.
"मऊ रबर दगडावर फिरतंय. आमच्या काठीला लोखंडाची शेंबी असायची खाली. लोखंड दगडाला धरतंय. घाट उतरले मी त्याच्यावर."

डोंगराच्या खडबडीत दगडावर असेल. फरशीवर, सिमेंटवर वॉकरची उघडी नळी साबणासारखी सरकेल. मॅडमनी मला नीट सांगितलंय — रबर झिजलं तरी लगेच बदला. झिजलं तरी!

मी काही बोलले नाही. ज्वारी निवडत बसले.

२८ नोव्हेंबर
बोलले नाही.

३० नोव्हेंबर
रबरी बूट तिनं उशाखाली ठेवलेत. मुरमाच्या अंगणात ती खरंच ऐटीत चालतेय! नळ्या रुततात, तोल राहतो. मला म्हणाली, "बघ, झाली का न्हाय काठी शहाणी?" म्हटलं, "झाली की."

घरात मी तिच्यासोबत असते. पण फाटकापाशी सिमेंटचा उतार आहे, जालिंदर रोज तिथं पिकअप धुतो. ओला, शेवाळलेला. ती अजून तिकडं गेलेली नाही.
मी काही करत नाहीये. मी फक्त सांगत नाहीये.

३ डिसेंबर
लिहायचं नव्हतं. तरी लिहिते.

दुपारी रस्त्यानं मेंढरं आली. नवसू, माझा चुलत दीर, कळप घेऊन कोकणात निघाला होता. घुंगरं वाजली. म्हातारी पडवीत होती. कान टवकारले, वॉकर घेतला आणि निघाली. घाईनं. "नवसू! ये नवसू!" इतका आवाज तिच्यात उरलाय मला वाटलं नव्हतं.

मी दारात होते. उतार ओला होता, सकाळीच गाडी धुतली होती. मी तोंड उघडलं असतं तर ती थांबली असती. एक शब्द पुरला असता.
मी तोंड उघडलं नाही.

चारही नळ्या एकदम पुढं सरकल्या. ती बसतीच झाली, हात आपटला, कुशीवर कलंडली. मेंढरांच्या आवाजात नवसूला काही कळलं नाही. कळप वळणावरून गेला. आळीतलं सगळं माणूस कांद्याच्या लागणीला. धूळ खाली बसली.

तिनं हाक मारली नाही. आधी वॉकरकडं बघितलं, मग घराकडं. मी तिला दिसले असणार. मग तिनं एक तळहात टेकला, दुसरा हात छातीशी धरला आणि सुरू केलं.

मी बघितलं. जे बघायचं होतं तेच. लुगडं मुरमात फाटत होतं. मध्ये थांबायची, कपाळ मातीला लावायची, पुन्हा निघायची. सिनेमात सूड मिळतो तेव्हा काय वाजतं, काय होतं — इथं काही नाही. कोंबड्या टिपत होत्या. बरं वाटत होतं का? हो. सुरुवातीला वाटलं. अर्ध्या अंगणापर्यंत वाटलं.

पायरीपाशी आली. मान वर केली.
"पाणी दे."
मी पाणी दिलं.

४ डिसेंबर
गोळा जागेवर आहे. डॉक्टर म्हणाले, नशीब. मनगटाला तडा, प्लास्टर.

वृषाली मॅडमनी वॉकर उलटा केला आणि माझ्याकडंच बघितलं. "रबरं कुठायत? हिराताई, तुम्हाला सांगितलं होतं ना?"
तेवढ्यात म्हातारी —
"म्या काढली. गपचिप काढली. हिराला काय बोलू नगा, ती वावरात व्हती."
जालिंदर तिच्यावर ओरडला, मला म्हणाला, तुझी काही चूक नाही.

खोटं! धडधडीत खोटं! ती मला दारात बघत होती. कुणी सांगितलं होतं हिला माझ्यासाठी खोटं बोलायला? पायरीवर मला शिव्या घातल्या असत्या तर चाललं असतं. सगळ्यांपुढं नाव घेतलं असतं तर मीही बारसं काढलं असतं, सगळं काढलं असतं, तोंडावर फेकलं असतं. इतकी वर्षं साठवलेलं बोलायची ती एकच जागा होती आणि ती बाईनं बंद करून टाकली. अजून तीच वरचढ!

७ डिसेंबर
एका हातानं वॉकर धरायचा नाही, म्हणून प्लास्टर निघेपर्यंत चाकाची खुर्ची. मंचरहून भाड्यानं आणली. जालिंदरनं फक्त बसायची जागा मोजली होती! बाहेरची चाकं दाराला अडली. परत नेली. मग मी सुतळीनं दाराची चौकट मोजली, दुकानात जाऊन चाकाच्या कडेपासून कडेपर्यंत लावून बघितली, अरुंद आणली. दोन्ही ब्रेक लावून, पायाच्या पट्ट्या वर करून मगच बसवायचं. ब्रेक मी दोनदा तपासते. तीनदाही.

वॉकरला नवी रबरं बसवून कोपऱ्यात ठेवलाय. जुनी फेकली.

८ डिसेंबर
मी खुर्ची ढकलते, उन्हात ठेवते, सावलीत आणते. अंबाबाई कौतुक करून गेली. मी तिला चहा विचारला नाही.
तळहाताची साल निघालीय म्हातारीच्या. मलम लावते. ती हात पुढं करते, मी लावते.

११ डिसेंबर
सकाळी अंगणात तिचे केस विंचरत होते. खुर्चीचं तोंड फाटकाकडं. एकदम म्हणाली —
"बारशाला तुझा बाप जीपपासनं मांडवापत्तुर तसाच आला व्हता न्हवं?"
मी म्हटलं, हो.
तिनं फाटकापासून पायरीपर्यंत अंगण नजरेनं मोजलं.
"लई लांब हाय गं हिरे."