चढावरचा पाय

३ फेब्रुवारी

चि. फूटपट्टीस,

अनेक आशीर्वाद. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्यात तुझी आई पदरचं घालते, म्हणून पत्र.

तू घरी येऊन गाडीची सर्व्हिसिंग करून गेलीस त्याला तीन आठवडे झाले. गल्लीबोळात गाडी लोण्यासारखी चालते. पण मंगळवारी तुझ्या आईला गुडघ्याच्या व्यायामासाठी टेकडीवरच्या दवाखान्यात नेत होतो. पुढे ट्रक रखडत होता. ओलांडायला बाहेर काढली, पेडल दाबलं, आणि गाडीचा दमच संपला. समोरून बस. कसाबसा परत ट्रकच्या मागे आलो. दवाखाना येईपर्यंत तुझ्या आईने दाराची कडी सोडली नाही, यावरून काय ते समज.

सगळं मोजूनमापून करतेस म्हणून तर तुला फूटपट्टी म्हणतो; गाडी तू स्वतः तपासलीस, म्हणजे तिच्यात खोट नाही. खोट माझ्या पायात. तीस वर्षं बस चालवली, कुणाला ओरखडा नाही. आता पाय सांगितलेलं ऐकत नाही. बाबा, आता गाडी चालवणं पुरे करा, असं तू म्हणालीस तेव्हा राग आला होता. तुझंच खरं. समोरच्या शिंप्याला गाडी हवी आहे, २२ तारखेला नेईल.

जेवणाची हेळसांड करू नकोस.

बाबा


८ फेब्रुवारी

ती. बाबांना,

सा. न. वि. वि. पत्र काल मिळालं.

सपाट रस्त्यावर सावकाश जाताना काही जाणवतं का? पेडल जोरात दाबल्यावरच गाडी मंदावते का, आणि पाय थोडा उचलला की सुधारते का? तसं असेल तर दोष पायाचा नाही. सावकाश चालताना इंजिनला थोडी हवा पुरते. जोर मागितला की पुष्कळ लागते. वाटेत काही अडलं असेल तर नेमकं तेव्हाच ते गुदमरतं.

गल्लीतल्या गॅरेजवाल्या मेस्त्रींना एअर फिल्टरपासून इंजिनकडे जाणारा पाइप उघडून बघायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे. तोवर चढावर नेऊ नका. आणि विकण्याची घाई करू नका.

आईला टॅक्सीने न्या. इथे कारखान्यात इंजिनांच्या टेस्टिंगचं काम नेहमीसारखं चालू आहे.

आपली,
फूटपट्टी


१२ फेब्रुवारी

चि. फूटपट्टीस,

अनेक आशीर्वाद. तुझ्या सगळ्या प्रश्नांना उत्तर एकच: हो, तसंच होतं. पण पाय उचलल्यावर सुधारते याचा अर्थ मी दाबायलाच चुकतो, असाही होतो की.

मेस्त्री पाना घेऊन दारात उभा होता, मीच त्याला परत पाठवला. तुझ्या हातचं काम त्याने उघडून बघायचं? मागच्या खेपेला तू त्याला चारचौघांत सुनावलंस, की तुम्ही लोक इंजिनाची तोंडं उघडी टाकता आणि आत धूळ जाते. आता त्याच्याच हातात पाइप दिला तर गल्लीभर डांगोरा पिटेल. माझी समजूत काढायला तू गाडीला दोष देते आहेस, न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे?

गाडी धुवून ठेवली आहे. शिंप्याला द्यायला दुसरी किल्लीही सापडली.

बाबा

ता. क. मी आई. हे टीव्हीसमोर बसून उजवा पाय जमिनीवर दाबत असतात, घड्याळ लावून. विचारलं तर म्हणाले, मुंग्या मारतोय.


१५ फेब्रुवारी

ती. बाबांना,

सा. न. वि. वि. फोन करता आला असता, पण मध्ये आई असती. हे तुम्हीच वाचावं.

पाइपमध्ये एक फडकं आहे. ते मी ठेवलं. फिल्टर काढल्यावर आत धूळ जाऊ नये म्हणून मी पाइपचं तोंड फडक्याने बंद करते. कारखान्यात अशा प्रत्येक फडक्याला लाल दोरी बांधायची असते. ती बाहेर लोंबते, आणि दुसऱ्या माणसाने पाहिल्याशिवाय झाकण लागत नाही. घरी दोरी बांधली नाही. घरी कोण तपासणार, असं वाटलं. आईने हाक मारली, मी फिल्टर बसवला, झाकण लावलं, हात धुतले. नंतर गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणली, दुसऱ्या गिअरच्या वर गेलेच नाही.

जुन्या चादरीचे चार तुकडे फाडले होते. माझ्या पेटीत तीन आहेत. हे मी ७ तारखेला, तुमचं पत्र वाचल्यावर लगेच मोजले. म्हणजे मागचं पत्र लिहिताना मला माहीत होतं. मेस्त्री फडकं काढतील, उंदराने ओढून नेलं असेल असं कुणीतरी म्हणेल, आणि मला काही सांगावं लागणार नाही, असा माझा हिशेब होता. तुम्ही पाइप उघडूच देणार नाही, हे त्यात धरलं नव्हतं.

ट्रकच्या बाजूला तुम्ही दोघं होतात. समोरून बस येत होती.

हे पत्र मेस्त्रींना दाखवा. त्यांची माफी मी येऊन मागेन. तुमच्या पायाला काहीही झालेलं नाही.

फूटपट्टी


२३ फेब्रुवारी

चि. फूटपट्टीस,

आशीर्वाद. मेस्त्रीला बोलावून पत्र वाचायला दिलं. दोनदा वाचलं. मग चिमट्याने फडकं ओढून काढलं, झटकलं आणि बॉनेटवर वाळत घातल्यासारखं ठेवलं. हसेल असं वाटलं होतं. म्हणाला, फडकी माझीही राहिली आहेत, पण लिहून द्यायची छाती झाली नाही.

शिंप्याला नाही म्हटलं. त्याचं तोंड एवढंसं झालं. मंगळवारची वाट न बघता मी आणि मेस्त्री टेकडीवर जाऊन आलो. चढावर दोन ट्रक ओलांडले. दुसरा उगाचच.

आता तुझ्याबद्दल. फडकं राहतं, त्याचं काही नाही. पण ८ तारखेला पाइप उघडा असं लिहिलंस, आत काय आहे ते लिहिलं नाहीस. तो आठवडाभर मी म्हातारा होतो. शिंप्याला कोणता गिअर अडतो ते सांगत होतो, आणि रोज शंभर वेळा जमीन दाबत होतो. हे तुला एका ओळीत थांबवता आलं असतं.

आई म्हणते, पोरगी आहे, सोडून द्या. मी रागावलो आहे. राग उतरला की कळवीन. तोवर पत्र पाठवत जा.

बाबा