टेकाडावरची

३ एप्रिल १९३१
आले एकदाची माझ्या घरी! वेल्सच्या सीमेवरचं शेतघर, इदवालसारखा प्रेमळ नवरा, आणखी काय हवं? परसदारी जुन्या गढीचं टेकाड आहे, पालथ्या पातेल्यासारखं. वरचा लाकडी बुरूज नॉर्मन सरदारांबरोबरच गेला. उरलंय नुसतं गवत आणि भोवतीचा कोरडा खंदक. मेंढ्या पायथ्यापर्यंत चरतात, वर जात नाहीत. "आळशी मेल्या," इदवाल म्हणाला. सासूबाईंनी तव्यावर बेदाण्यांचे केक भाजले. मी पोटभर हादडले.

१२ एप्रिल
इदवाल रोज चहानंतर टेकाडावर जातो. आज कपडे वाळत घालताना वरून त्याचं हसणं ऐकू आलं. माझ्याशी तो असा हसत नाही. मग एका बाईचंही. कोण होती, विचारलं. म्हणाला, "वेडी का तू, मॅबली? तूच तर होतीस!" असली थट्टा मला खपत नाही.

१९ एप्रिल
चर्चबाहेर शेजारच्या बेडोबाईंचा टोमणा: "नव्या नवरीला दम निघत नाही! रोज टेकाडावर, हातात हात!" मी तिथे पाऊलही ठेवलेलं नाही. घरी सांगितल्यावर सासूबाईंचा चेहराच उतरला. "दुर्लक्ष कर, पोरी. तू जळलीस की तिचं फावतं."
म्हणजे आहे कोणीतरी.

२३ एप्रिल
पाहिलं. खालून. माझेच केस, माझाच बांधा. पण देखणी, मी कधीच नव्हते इतकी. त्याने तिच्या केसांतली काडी काढली. किती हळुवार!

२४ एप्रिल, सकाळ
फावडं घेऊन निघालेय. उकरून काढीन तिला. सासूबाईंनी बाही धरली, मी झटकली. ही वही तेवढी खिशात —

दुपार
वर कोणी नाही. खणलं — माती, नुसती माती.
खाली इदवाल अंगणात आला. "मॅबली!" मी ओ देणार, तोच आमच्या स्वयंपाकघरातून — "आले रे!" — माझ्या आवाजात. ती दारात आली. माझा एप्रन घालून.
मी ओरडतेय. फक्त सासूबाईंनी वर पाहिलं. आणि पडदा ओढला.
खंदक उतरते, पलीकडे चढते — पुन्हा टेकाडावरच. पुन्हा —

संध्याकाळ
चहा झाला. तो आज वर आला नाही. कशाला येईल?
खिडकीत दोघं. ती त्याला भरवतेय. हसतोय —
पाय घोट्यापर्यंत मातीत. निघत नाहीत. एकदाच वर बघ ना, इदवाल, एकदाच, मी तिच्याहून —